क्षयरोगाच्या पैशाला कात्री लागताना : सातारा-सांगलीच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
मा. खासदार,
सातारा, सांगली, माढा आणि हातकणंगले लोकसभा मतदारसंघ

विषय : क्षयरोगाचा जगभर आटत चाललेला निधी, आणि त्याबाबत आपण दिल्लीत व जिल्ह्यात काय करणार याबद्दल

महोदय,
स. न. वि. वि.

पत्र चौघांना लिहिते आहे, कारण आमचे दोन जिल्हे चार मतदारसंघांत वाटले गेलेत. माण-फलटणचा पेशंट माढ्यात मोडतो, वाळवा-शिराळ्याचा हातकणंगल्यात. 'हे माझ्या हद्दीत येत नाही' असं म्हणायची सोय कुणालाच राहू नये म्हणून ही काळजी.

मी विट्याची. सरकारी नोकरीत प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते, आता निवृत्त आहे. नोकरीतला बहुतेक काळ बेडके तपासण्यात गेला. ते काम कसं चालायचं ते आधी सांगते. बेडका काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, वर लाल फुक्सिन ओतायचं आणि खालून वाफ येईपर्यंत तापवायचं. उकळू मात्र द्यायचं नाही. मग आम्लाने धुवायचं. बाकी सगळ्याचा रंग निघून जातो, टीबीच्या जंतूचा जात नाही. शेवटी निळा रंग. तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की निळ्यावर बारीक लाल काड्या दिसतात. जंतू भरपूर असतील तर पेशंट पॉझिटिव्ह आहे हे सांगायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो 'काही नाही' असं लिहायला. शंभर फील्ड, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणारे शंभर भाग, बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही हा नियम. लाईट गेली, डोळे दुखले, जेवणाची सुट्टी झाली, तरी शंभर म्हणजे शंभर. आता बऱ्याच ठिकाणी सीबीनॅट आणि गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट ही यंत्रं आलीत आणि औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही काही तासांत कळतं. चांगलंच झालं. पण शंभर फील्डची ती सवय माझ्या अंगात मुरली आहे, आणि 'टीबी हटला' अशी घोषणा कुणी केली की मी मनातल्या मनात विचारते, किती फील्ड बघितली?

बेडक्याची डबी घेऊन येणारी माणसं बघितली आहेत तुम्ही? पेपरात गुंडाळलेली, पदराखाली धरलेली, खिडकीत ठेवताना इकडेतिकडे बघून ठेवलेली. 'ताई, नाव जरा हळू घ्या' असं सांगणारी. उसाच्या दरासाठी आमच्याकडे रस्ता अडतो, पाण्यासाठी परिषदा भरतात, टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याच्या पाळीवरून तालुके पेटतात. टीबीच्या पेशंटचा मोर्चा मी आजवर बघितलेला नाही. पोरीची सोयरीक मोडेल, मालक कामावरून काढील, म्हणून जो तो गप्प बसतो. ज्याचा आवाज येत नाही त्याच्या वाट्याचा पैसा सगळ्यात आधी कापला जातो. पत्र लिहिण्याचं कारण हे.

आता माझा स्वतःचा संबंध. माझा धाकटा भाऊ विट्यातच यंत्रमागावर कामाला. २०१२ साली त्याला टीबी झाला, आणि तोही साधा नव्हे, एमडीआर. म्हणजे नेहमीच्या औषधांतली मुख्य दोन औषधं लागू पडत नाहीत तो. तेव्हाच्या कोर्समध्ये कॅनामायसिनची इंजेक्शनं असायची, महिनोन् महिने, कुल्ल्यावर, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला. गाठी व्हायच्या, बसता यायचं नाही. त्या गाठींवर आई गरम पाण्याची पिशवी धरायची. मग तो टीव्हीचा आवाज वाढवायला लागला. सगळे म्हणाले, मागाच्या खडखडाटात कान जातातच, त्यात काय. मागावरच्या निम्म्या लोकांना कमी ऐकू येतं हे खरं आहे, म्हणून कुणाला वेगळं काही वाटलं नाही. कळलं तेव्हा त्या इंजेक्शनांनी दोन्ही कान गेले होते.

टीबी बरा झाला. भाऊ आज कामावर आहे. मागावर हात ठेवतो, हादरा बदलला की धागा तुटल्याचं त्याला समजतं. मालक चांगला आहे, ठेवून घेतलं. घरात त्याच्याशी आम्ही खुणांनी आणि मोबाईलवर लिहून बोलतो. त्याच्या मुलीचा आवाज मोठेपणी कसा झालाय ते त्याला माहीत नाही.

हे सहानुभूतीसाठी लिहिलेलं नाही. पैशाचा आणि कानांचा संबंध कुठे येतो ते तुमच्या लक्षात यावं म्हणून लिहिलं. भाऊ इंजेक्शनं घेत होता त्याच काळात, डिसेंबर २०१२ मध्ये, अमेरिकेत बेडाक्विलिन नावाच्या गोळीला मंजुरी मिळाली. टीबीसाठी अगदी नव्या जातीचं औषध चाळीस वर्षांहून अधिक काळानंतर आलं होतं. चाळीस वर्षं! या काळात टीबीने कोट्यवधी माणसं मेली, पण ती बहुतेक गरीब देशांतली, त्यामुळे औषध शोधण्यात कुणाला फायदा दिसला नाही. भारतात बेडाक्विलिन २०१६ पासून मोजक्या केंद्रांवर मिळू लागलं, आणि सुरुवातीचे हजारो कोर्स ते बनवणारी कंपनी व अमेरिकी सरकार यांच्या मदत कार्यक्रमातून देणगी म्हणून आले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वापरू नये असं सांगितलं. म्हणजे नवी गोळी आली, म्हणून कान घालवणारं इंजेक्शन गेलं. ती गोळी चार-पाच वर्षं आधी आली असती तर, हा हिशोब मी माझ्यापुरता मांडते. तुम्ही देशापुरता मांडावा अशी अपेक्षा आहे.

पुढची गोष्ट याहून महत्त्वाची. बेडाक्विलिनवरची मक्तेदारी लांबवण्यासाठी कंपनीने आणखी एक पेटंट मागितलं होतं. त्याला हरकत घेतली दोन बायकांनी, दोघी टीबीतून उठलेल्या, आणि दोघींचेही कान त्या उपचारांत गेलेले : मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने ती मागणी फेटाळली. जुलैत मूळ पेटंट संपलं, भारतीय कंपन्यांनी औषध बनवायला घेतलं आणि किंमत उतरली. त्यापुढे प्रीटोमॅनिड हे औषध आलं, तेही नफ्यासाठी न चालणाऱ्या आणि सरकारं व देणगीदारांच्या पैशावर उभ्या असलेल्या संस्थेने विकसित केलेलं. आज बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या केंद्र सरकारने तो मंजूर केला. माझ्या भावाला जे दोन वर्षांच्या आसपास भोगावं लागलं ते आजच्या पेशंटचं सहा महिन्यांत, सुईशिवाय, उरकतं. जगाने टीबीवर पैसा खर्च केला म्हणून हे झालं.

आणि नेमका तोच पैसा आता आटतो आहे.

२० जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी परदेशी विकास मदत ९० दिवस थांबवण्याचा आदेश काढला. १ जुलैला तिथली मदत देणारी संस्था, यूएसएड, बंदच झाली. टीबीसाठी देशोदेशींना अमेरिका थेट वर्षाला सुमारे २० ते २५ कोटी डॉलर देत होती, म्हणजे या रोगासाठीच्या आंतरराष्ट्रीय देणग्यांतला साधारण पाव हिस्सा. उरलेल्या पैशाची मुख्य वाट म्हणजे ग्लोबल फंड हा आंतरराष्ट्रीय निधी. तिथेही नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गला पुढच्या तीन वर्षांसाठी १८ अब्ज डॉलर हवे असताना कबूल झाले ११.३४ अब्ज, आणि तेही एचआयव्ही, टीबी आणि मलेरिया तिन्ही मिळून. मुळात गरज किती? संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या बैठकीत सगळ्या देशांनी मिळून ठरवलं होतं की २०२७ पर्यंत टीबीवरच्या उपचारांसाठी वर्षाला २२ अब्ज डॉलर उभे करायचे. २०२४ मध्ये प्रत्यक्षात होते ५.९ अब्ज. रुपयातली पावली. संशोधनाचं ठरलं होतं वर्षाला ५ अब्ज, आणि २०२३ मध्ये खर्च झाले १.२ अब्ज. ही सगळी टंचाई कात्री लागण्याच्या आधीची आहे, हे ध्यानात घ्या.

मदत थांबल्यावर आफ्रिकेत आणि आशियात काय झालं त्याचं वर्णन जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२५ मध्ये केलं. त्यातलं एक वाक्य मला लगेच कळलं : नमुने लॅबपर्यंत पोचवण्याची सोय कोलमडली. बाकीच्यांना ही बारीक गोष्ट वाटेल. आम्हा तंत्रज्ञांना विचारा. आटपाडीकडच्या वाडीतला बेडका मोटारसायकलवरून लॅबला आणणारा माणूस आठवडाभर आला नाही तर तपासणी झालीच नाही असं समजा. यंत्र लाखोंचं असलं तरी आत घालायला नमुना लागतो. आणि कुठल्याही खर्चकपातीत पहिला जातो तो हाच मोटारसायकलवाला.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, 'बाई, भारताचा कार्यक्रम बहुतांश भारताच्या पैशावर चालतो. अमेरिकेने दिले काय, न दिले काय.' ते खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. लाखामागे २०१५ साली २३७ माणसांना नव्याने टीबी व्हायचा, २०२४ मध्ये १८७ जणांना. याच काळात जगाची घट १२ टक्के, आपली २१. ज्यांनी केलं त्यांना श्रेय द्यायला हवं. त्यांतल्या बऱ्याच जणांना मी ओळखते. तरीही जगातला दर चौथा टीबी पेशंट भारतीयच आहे. २०२४ मध्ये जगात १ कोटी ७ लाख माणसांना टीबी झाला आणि १२ लाख ३० हजार मेली. त्यांतली सुमारे तीन लाख आपल्या देशात. एकाच जंतूने एवढी माणसं मारण्यात आज टीबीच्या पुढे कुणी नाही. ज्याच्या घरात सगळ्यात जास्त आजार, त्याने शेजाऱ्याची औषधं बंद झाली तर खांदे उडवायचे?

आणि टीबी हद्दीत राहत नाही हे तर आमच्या खानापूर-आटपाडीच्या माणसाला शिकवायची गरज नाही. आमची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायला केरळ, तमिळनाडूपासून थेट उत्तरेपर्यंत गेलीत. अरुंद खोली, आम्लाचा धूर, दहा जण एका ठिकाणी झोपणारे. दिवाळीला गावी येतात तेव्हा खोकला सोबत येतो. पाटण-जावळीचे माथाडी मुंबईहून तेच आणतात, त्यांच्या आधी गिरणीवाले आणायचे. कोइमतूरचा जंतू भाळवणीत पोचतो, तर जोहान्सबर्गचा आणि मनिलाचा पोचायला काय अडचण? एमडीआर जंतूला तर पासपोर्टही लागत नाही.

'परदेशी पैसा' म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी दोन जुन्या गोष्टी. सांगली-मिरज रस्त्यावरून जाताना आपण वानलेसवाडी ओलांडतो. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस अमेरिकन मिशनतर्फे आले, मिरजेला दवाखाना उभारला आणि पुढे क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम झालं. पैसा साता समुद्रापलीकडच्या देणगीदारांचा, पेशंट आमच्या आज्या-पणज्या. इकडे सातारा जिल्ह्यात पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी बेल-एअर सुरू केलं. हवा बदलायला पाचगणीला जायचं ही तेव्हाची रीत, आणि ती ज्याला परवडे तोच जगे. ही रीत मोडली मद्रासने. १९५६ मध्ये तिथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, ब्रिटनची संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून एक प्रयोग सुरू केला : निम्मे पेशंट सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या झोपडीत, औषध सारखंच. १९५९ मध्ये निकाल छापला तो असा की घरी राहून गोळ्या खाणारे सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे झाले, आणि घरच्यांना जास्तीचा धोकाही झाला नाही. तेव्हापासून सगळ्या जगाने टीबीचा उपचार पेशंटच्या घरी नेला. पैसा चार ठिकाणचा, पेशंट मद्रासचे गरीब, फायदा पृथ्वीभर. माझ्या भावाने गोळ्या विट्यात राहून घेतल्या त्या त्या प्रयोगामुळे. तेव्हा यात कोण देणारा आणि कोण घेणारा, ते मला नीट वेगळं करता येत नाही.

आता घरच्या तक्रारी. परदेशात काय कापलं ते सांगून मी तुम्हाला मोकळं सोडणार नाही.

पहिली तक्रार औषधांची. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र लिहिलं की तीन महिने टीबीची औषधं तुम्हीच आपापल्या भागात विकत घ्या. वरून पुरवठा अडला होता. खाली काय झालं? आमच्या भागातल्या एका केंद्रावर पेशंटना महिन्याच्या ऐवजी तीन-चार दिवसांच्या गोळ्या देऊन परत पाठवत होते, असं माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी सांगितलं. तीस किलोमीटरवरून येणारा रोजंदारीचा माणूस तीन दिवसांच्या गोळ्यांसाठी किती वेळा रोज बुडवेल? दुसऱ्यांदा येईल, तिसऱ्यांदा येणार नाही. टीबीत गोळी चुकली की जंतू मरत नाही, शहाणा होतो. तासगावच्या द्राक्षवाल्याला हे पटकन कळेल : द्राक्षाच्या दावण्या रोगावर फवारण्या अर्धवट सोडल्या, एकच औषध कमीजास्त मारत राहिलं, की पुढच्या हंगामात ते औषध पाण्यासारखं. बागायतदाराची एक बाग जाते. इथे एका पेशंटमधून तयार झालेला एमडीआर जंतू घरभर आणि गावभर फिरतो, आणि साध्या कोर्सच्या कितीतरी पट खर्च मागतो. तीन महिन्यांच्या साठ्यात वाचवलेला पैसा असा परत वसूल होतो.

दुसरी, खाण्याची. निक्षय पोषण योजनेतून पेशंटला महिन्याला १००० रुपये मिळतात. २०१८ मध्ये ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून दुप्पट केले. स्वागत आहे. दिवसाला ते तेहतीस रुपये पडतात. दोन अंडी आणि अर्धा लिटर दूध घ्यायला गेलं तर डाळीला काही उरत नाही. आणि माझ्या ओळखीच्या एका ऊसतोडीच्या बाईच्या खात्यात पहिला हप्ता आला तो कोर्स संपत आल्यावर. आधारचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नव्हतं म्हणे. सहा महिने खायला नसलेल्या बाईला शेवटी पैसे देऊन काय साधलं? पोटभर खाण्याचा उपयोग होतो याला आता अंदाज म्हणायचं कारण नाही. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पथकाने टीबी पेशंटच्या घरच्यांना दरमहा धान्य-डाळ दिली. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि पसरणाऱ्या टीबीचं ४८ टक्क्यांनी. हे २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आहे. टीबीवर नवी लस काढायला जगाला शंभर वर्षं पुरली नाहीत. बीसीजी १९२१ ची, आणि मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीवर तिचा भरवसा नाही. तूरडाळ मात्र आपल्याकडे आहे.

तिसरी, पुतळ्यांची. टीबीमुक्त ग्रामपंचायतीला गांधीजींचा पुतळा मिळतो. पहिल्या वर्षी कांस्य रंगाचा, मग रुपेरी, मग सोनेरी. अटींतली एक मला मनापासून आवडते : हजार लोकसंख्येमागे किमान ३० संशयितांची तपासणी झाली पाहिजे. दुसरी अट अशी की हजारामागे एकापेक्षा जास्त पेशंट नकोत. आता तुम्हीच सांगा, सरपंचाला पुतळा हवा असेल तर त्याला खोकणारा माणूस सापडावासा वाटेल की न सापडावासा? आणि उसाच्या फडावरच्या कोप्या, वीटभट्ट्या, कुपवाडच्या चाळीत भाड्याने राहणारे परप्रांतीय, हे कुठल्या ग्रामपंचायतीच्या हजारात धरले? दिवाळीनंतर जत-बीडकडून टोळ्या येतात, मार्च-एप्रिलला परत जातात. टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. निम्मा कोर्स कारखान्याच्या हद्दीत, निम्मा गावाकडे, आणि मधल्या पंधरवड्यात पेशंट कुणाचाच नसतो. देशाने २०२५ पर्यंत टीबी संपवायचं ठरवलं होतं. ते वर्ष सरलं, १८७ चा आकडा समोर आहे. निदान आता तरी शंभर फील्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नका.

चौथी तक्रार माझ्या जातभाईंची, म्हणजे लॅबवाल्यांची. यंत्रं आणली, फोटो छापून आले, पण दर तपासणीला यंत्रात घालायची कार्ट्रिज आणि चिप संपल्या की यंत्र कापड घालून झाकून ठेवायचं. तंत्रज्ञ कंत्राटी, पगार कधी महिन्याने तर कधी दोन महिन्यांनी. टीबीच्या हवेत दिवस काढणाऱ्या माणसाला पुढच्या मार्चला नोकरी आहे की नाही हे माहीत नसतं. याविषयी जास्त लिहीत नाही, माझाच राग मध्ये येतो.

आता मागण्या. सगळ्या तुमच्या अधिकारात बसणाऱ्या आहेत, मी मुद्दाम तपासून घेतल्या.

संसदेत सरकारला विचारा की टीबीच्या औषधांचा किमान सहा महिन्यांचा राखीव साठा देशात कायम राहावा यासाठी तरतूद किती आणि ती कुठे आहे. तारांकित प्रश्न विचारा, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागेल.

भारत ग्लोबल फंडातून घेतो तसा फंडाला देतोही. श्रीमंत देश हात आखडत असताना भारताने आपला वाटा वाढवावा, आणि टीबीच्या लस व औषध संशोधनावरचा सरकारी खर्च वाढवावा, ही मागणी तुम्ही चौघांनी पक्ष बाजूला ठेवून एकत्र करावी. जगातला पाव आजार ज्याच्याकडे आहे त्या देशाने या बैठकांत मागच्या रांगेत बसू नये. शिवाय जगभर जाणाऱ्या टीबीच्या गोळ्यांतला मोठा वाटा भारतीय कंपन्या बनवतात. बाहेरची मागणी टिकण्यात आपलाही व्यवहार आहे, एवढं तर तुमच्यातल्या साखर आणि द्राक्षं विकणाऱ्यांना सांगायला नको.

केंद्राच्या योजनांवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्ह्यातल्या दिशा समितीचं अध्यक्षपद खासदाराकडे असतं आणि राष्ट्रीय आरोग्य अभियान तिच्या आढाव्यात येतं. प्रत्येक बैठकीत तीन आकडे मागा : तालुकावार औषधांचा साठा किती दिवसांचा, निक्षयचे पैसे किती पेशंटचे किती महिने थकले, आणि कार्ट्रिजअभावी यंत्र किती दिवस बंद होतं. हे आकडे दर महिन्याला जिल्हा परिषदेच्या फलकावर लावायला सांगा. पेशंटची नावं नकोत, नुसते आकडे.

खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा आहे आणि सरकारी रुग्णालयांच्या यंत्रसामग्रीसाठी तो वापरता येतो. हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रं आता मिळतात. जत, आटपाडी, माण, पाटण आणि जावळी या पाच तालुक्यांना प्रत्येकी एक द्या. ती गळीत हंगामात फडावर आणि उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर फिरवता येतील. गावोगावच्या कमानी आणि सभामंडप एक वर्ष थांबले तर देव रागावणार नाही.

साखर कारखान्यांशी तुमचे संबंध मी सांगायला नकोत. हंगामाच्या सुरुवातीला टोळीतल्या प्रत्येकाचा एक्स-रे, कोर्स चालू असेल तर पेशंटच्या सरकारी नोंदीचा निक्षय क्रमांक मुकादमाकडे न देता पेशंटच्याच हातात, आणि उचल फिटेपर्यंत आजारी बाईला फडावर उभं करायचं नाही एवढं कारखान्यांकडून लेखी घ्या. पेशंटच्या घरच्यांना टीबी होऊ नये म्हणून बारा आठवडे आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या आता आहेत. त्या कोपीपर्यंत पोचतील असं बघा. निक्षय मित्र, म्हणजे टीबी पेशंटला मदत करणारे दाते, म्हणून कारखान्यांनी पोषणाची टोपली द्यावी, ती नुसत्या पेशंटला न देता घराला द्यावी, आणि देताना फोटो काढू नये. ज्या बाईने पदराखाली डबी लपवून आणली तिला टोपलीसह फ्लेक्सवर छापू नका.

पुतळ्याच्या बाबतीत मागणी एकच : पेशंट शोधणाऱ्या गावाला तो द्या.

या पत्राची प्रत चौघांच्याही संपर्क कार्यालयात पोच घेऊन देणार आहे. उत्तर लेखी हवं. मराठीतून चालेल, दोन ओळींचंही चालेल, पण त्यात 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' हे वाक्य नको. नोकरीत असताना तेच वाक्य मी खूप वेळा टाईप केलं आहे. दिशा समितीच्या पुढच्या बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मिळतं. वरचे तीन आकडे त्यात आलेत का, ते बघायला अर्ज करणार आहे, आणि नसतील तर त्याच्या पुढच्या बैठकीलाही करणार आहे.

कळावे,

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
विटा, ता. खानापूर, जि. सांगली